लाल उतार

कार्तिकातलं ऊन आजऱ्याच्या डोंगरांवरून सावकाश खाली येतं. घाई नाही, गडबड नाही. धुक्याचं तलम, धवल वस्त्र हलक्या हाताने बाजूला सारत, कापणी झालेल्या रिकाम्या खाचरांवरून, काजूच्या घनगर्द राईतून, मृदुमंद पावलांनी ते गावाच्या कडेला येतं आणि शेवटच्या कौलारू घरामागच्या परड्यात थांबतं. पाच महिन्यांपूर्वी त्या परड्यात बाग होती.

आता तिथे रान होतं. हरितश्यामल, निर्लज्ज, कंबरभर रान. अबोलीचा वाफा गवताने गिळला होता. अळू पिवळा पडून झोपला होता. घेवड्याचा मांडव एका अंगाला कलला होता आणि त्याच्यावर भलतेच वेल खुशाल फुलले होते. ही माती जिने चाळीस वर्षं राखली, ती बाई घरात नव्हती.

तिचं नाव अनसाबाई. आषाढात एका सकाळी चहा गाळताना तिचं उजवं अंग गेलं. दवाखाना झाला, औषधं झाली, मग लेक शेवंता तिला गडहिंग्लजला आपल्या घरी घेऊन गेली. वाचा परतली, हात निम्मा परतला. पाय मात्र फरफटतच राहिला. काठी टेकत ती दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी यायची. तिथून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची.

नवऱ्याला फोनवर तिने एकदाच सांगितलं. "मी येतो. पर परड्यात मला माझ्या पायानं जाता आलं पायजे. कुणी उचलून न्यायची आसंल, तर मी हितंच बरी हाय. पुन्यांदा इचारू नगा."

आणि अनसाबाईचा शब्द म्हणजे शब्द, हे केरबाला चांगलं ठाऊक होतं.

केरबा सुतार. वय सदुसष्ट. सुतार आडनावापुरता, करवत-रंधा थोरल्या भावाचा, ह्याचा हात पॉलिशचा. पंचेचाळीस वर्षं ह्या हाताने लोकांची कपाटं घासली, झोपाळे घासले, देव्हारे घासले. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ. मग लाखेच्या चपड्यात भिजवलेला कापडाचा बोळा, गोल गोल, गोल गोल, लाकडाच्या पोटातला सुवर्णपिंगट उजेड वर येईपर्यंत. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. स्वतःच्या घरात मात्र दाराच्या बिजागरीला तेल नव्हतं.

मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, दीड-दीड वीत उंच. मधे एक-एक बारकी पायरी घाला, असं ती लग्न होऊन आल्यापासून म्हणत होती. बघूया की, असं तो चाळीस वर्षं म्हणत होता. आता बघायची वेळ आली, तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की एकट्याने जेवताना घास तोंडात फिरायचा.

पायऱ्या काढायच्या. दारापासून परड्याच्या मधोमध बारा हातांचा उतार करायचा. गवंडी बोलवा, असं शेवंता म्हणाली. ह्याने ऐकलं नाही. चूक माझी आहे, ती मीच निस्तरणार, असं त्याचं म्हणणं. म्हणणं थोर होतं. सिमेंटला ते कुणी कळवलं नव्हतं.

पहार घेतली, तर दगड हलेना. दगड हलला, तर पहार वाकली. रान कापायला गेला आणि खाजकुयलीत शिरला. दोन दिवस अंग खाजवत, खाजकुयलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ओसरीवर बसला. पहिला माल कालवला तो घमेल्यातच दगड झाला. दुसरा कालवला तो ताकासारखा पातळ, वाहत वाहत अळवात गेला. तळहातांना फोड आले, फोड फुटले, फुटल्या जागी सिमेंट झोंबलं. ज्या हातांनी आयुष्यभर गुळगुळीतपणाची पूजा केली, ते हात आता खडबडीत झाले होते.

तरीही त्या दिवसांत सुख नव्हतं असं कोण म्हणेल? उपटलेल्या गवताखालून मातीचा कृष्णगंध वर यायचा. कललेला मांडव दोरीने ताठ झाला, तेव्हा केरबा दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघतच राहिला. गुदमरलेल्या अबोलीला एक केशरी फूल आलं. ते एक फूल बघून म्हातारा, कुणी बघत नाही ना अशी खात्री करून, रडला.

उतार किती असावा हे तो कुणाला विचारणार? त्याने आपल्या उजव्या पायाला फळी बांधली, गुडघा वाकणार नाही अशी घट्ट, आणि काठी घेऊन मातीच्या भरावावरून खाली निघाला. पडला. माती ओढली, उतार कमी केला, पुन्हा फळी बांधली, पुन्हा पडला. पाय फरफटत चालणं म्हणजे काय, ते त्याला कोपरं फुटल्यावर कळलं. इतके महिने ती असं चालत होती. नवव्या खेपेला तो पडला नाही.

मग मातीवर खडी, खडीवर सिमेंट, सिमेंटवर तांबडा कोबा. आरक्त, ओला, गेरूच्या रंगाचा. थापी फिरत गेली आणि उतार सपाट, सलग, देखणा होत गेला. इथे केरबाने थांबायला हवं होतं.

पण हात थांबला नाही. हाताला सवय होती. त्याने कोबा घोटला. गोल गोल, गोल गोल, सकाळ सरली, दुपार सरली, गुडघे सोलले, तरी घोटला. पाणी मारून मुरवला, वाळल्यावर दगडाने घासला, कापडाने पुसला, वर मेणाचा हात दिला. तांबड्या उतारात आभाळ दिसू लागलं. कपाटांवर, झोपाळ्यांवर, परक्यांच्या देव्हाऱ्यांवर जे लावलं होतं, ते सगळं त्याने बायकोसाठी त्या बारा हातांवर लावलं.

आणि त्याच्या धंद्यात एक रीत होती. पॉलिश झालेल्या वस्तूला मालकाआधी कुणी हात लावायचा नाही. देव्हारा असो की दिवाण, केरबा त्यावर कापड टाकून ठेवायचा आणि मालक आला की बाजूला उभा राहायचा. ती रीत त्याने इथेही पाळली. फळी पुन्हा पायाला बांधलीच नाही. तिच्याआधी त्या उतारावर त्याने पाऊलही ठेवलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती आली. जीपमधून उतरताना शेवंताने धरलं, घरात शिरताना तिने लेकीचा हात सोडवून घेतला. चूल बघितली नाही, देव बघितले नाहीत. काठी टेकत, पाय ओढत, ती तडक मागच्या दाराशी आली.

समोर तो होता. कोवळ्या उन्हात झळाळणारा, रक्तकमलवर्णी, निर्मळ उतार. त्याच्या टोकाला साफ केलेली माती आणि ताठ उभा मांडव. अनसाबाईच्या वाकड्या झालेल्या ओठांत हसू आलं.

"आरशागत केलायसा की," ती म्हणाली.

केरबा बाजूला उभा होता, मालकासाठी उभं राहावं तसा.

तिने काठी टेकली. काठी सरकली. डावा पाय पुढे होता, तोही सरकला. एक क्षण तिने हवेला धरलं आणि मग ती बसली ती बसलीच, अर्ध्या उतारापर्यंत घसरत गेली, लुगडं गुडघ्यापर्यंत, काठी पार खाली अळवात. शेवंता किंचाळली. केरबा धावला, तर तोही आपटला.

हाड मोडलं नाही. शेजारचे दोघे आले आणि त्यांनी तिला उचलून घरात नेलं. उचलून. तेच, जे तिला नको होतं.

"आबा, जरा कुणाला इचारायचं तरी हुतं," शेवंता एवढंच बोलली. तिचा आवाज रागाचा नव्हता आणि म्हणून तो जास्त लागला.

अनसाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शनिवार तसाच गेला. खिडकीतून येणारा उन्हाचा पिवळा चौकोन तिच्या पाठीवरून सरकत गेला, पण तिने कूस बदलली नाही. मागच्या दाराला कडी होती. रविवारी सकाळी शेवंताने पिशवी भरली; दुपारी जीप येणार होती. आता गेली की ती परत येणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

केरबा कडी काढून मागे गेला. उतार चमकत होता. एवढं सुंदर काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि त्याला त्या सौंदर्याचा संताप आला. हे मी तिच्यासाठी केलं की माझ्या नावासाठी? त्याला उत्तर माहीत होतं, म्हणून त्याने घण उचलला.

पहिला घाव. तांबडी कपची उडाली. दुसरा घाव. कोब्यात भेग गेली. तिसऱ्या घावाला त्याचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत.

"फोडू नगा."

तो वळला. दारात ती उभी होती. चौकटीला धरून, एकटी. खाटेपासून दारापर्यंत कशी आली, ते शेवंतालाही कळलं नव्हतं.

"कशापायी फोडालायसा?"

"चुकलं माझं, अनसे."

"चुकलं ते दिसालंय की मला. पाटा गुळगुळीत झाला, मिरची वाटंना झाली, म्हंजे काय पाटा फोडून टाकत्यात व्हय?"

केरबाने घण खाली ठेवला. झिजलेल्या पाट्याला छिन्नीने टोचे मारतात, तेव्हा त्याची खरखर परत येते, हे गावातल्या पोराटोरालाही माहीत. ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आयुष्यभर त्याने फक्त घासायचंच काम केलं होतं.

छिन्नी आली, हातोडी आली. तो उकिडवा बसला आणि टोचे मारू लागला. टक्, टक्, टक्. झळाळी तुटत होती, आभाळ तुटत होतं.

"आडव्या रेघा मारा," दारातून आवाज आला. "आन् दाट. माझा पाय वडतोय, तो आडायला नगं, पर काठी रुतायला पायजे. त्या तितं लई खोल झालं. हां. आसं."

शेवंताने आईसाठी खुर्ची आणून ठेवली. ती बसली नाही. जीप आली, हॉर्न वाजला. शेवंता बाहेर जाऊन काहीतरी बोलून आली आणि पिशवी तिने कोपऱ्यात ठेवली.

ऊन कललं तेव्हा बारा हातांचा तो उतार देवीच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखा झाला होता. तांबडी धूळ केरबाच्या भुवयांवर बसली होती. ह्या खेपेला त्याने रीत मोडली. उजव्या पायाला फळी बांधली, काठी घेतली, आणि पाय ओढत खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मग फळी सोडून तो दाराच्या बाजूला झाला.

"धरू का?" त्याने विचारलं.

"नगं."

ती निघाली. काठी टेकली, टोच्यांत रुतली. डावा पाय. मग उजवा, ओढत, खरखरत. दोन हात गेले. चार हात गेले. सहाव्या हाताला, जिथवर ती परवा घसरत गेली होती, ती थांबली, आणि तिची पाठ थरथरताना दोघांनी बघितली. शेवंता पुढे झाली. केरबाने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं. आजवर ह्या हातांनी पुष्कळ अवघड कामं केली होती. मदतीला न धावणं हे त्यांतलं सगळ्यात अवघड होतं.

काठी पुन्हा उचलली गेली.

ती उतरली. टोकाशी सकाळी पाणी दिलेली माती होती, काळीभोर, मऊ, ओली. तिने मागे वळून बघितलं नाही, शाबासकी दिली नाही, जिंकल्यासारखं काही केलं नाही. केरबाने सरळ ओळीत लावलेल्या मिरच्यांकडे बघून तिने नापसंतीने जीभ टाळ्याला लावून टक् केलं आणि ती मांडवाकडे चालू लागली.

उन्हं डोंगराआड चालली होती. केरबा वर दारातच उभा राहिला आणि तिच्यामागे मातीत उमटत जाणारी ती वाट न्याहाळत राहिला. काठीचं एक टिंब, एक पाऊल, एक रेघ. एक टिंब, एक पाऊल, एक रेघ. मग टिंब नाही, नुसतं एक पाऊल, एक रेघ.