गव्हाखालची वाइन

आमचे जावई अविनाश नाशिकला राहतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जानेफळला आले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पांढऱ्या वाइनची बाटली आणली. आमच्या हिने, गोजरबाईने, ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि आतल्या खोलीतल्या कोठीत गव्हाखाली पुरली. दर उन्हाळ्यात नवा गहू भरताना ती बाटली काढायची, पदराने पुसायची आणि पुन्हा तळाशी ठेवायची. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मी तोंड उघडलं की डोळे वटारायची. अशी नऊ वर्षं गेली.

परवा जावई आले तेव्हा कोठी रिकामी केलेली होती. बाटली बघून ते ओशाळले. "मामाजी, फेकून द्या. दुकानातली सगळ्यात स्वस्त होती. वर्षभरात प्यायची असते."

मला रागच आला. सासऱ्याला सगळ्यात स्वस्त! हट्टाने मी ती उघडायला लावली. रंग मधासारखा झाला होता. वासही मधाचा, आणि मागून भाजलेल्या शेंगदाण्यांचा. जावयांनी एक घोट घेतला, लगेच दुसराही घेतला. मग म्हणाले, "ठेवल्यानं काय सुधारली हो ही!"

या खेपेला आणलेली बाटली त्यांनी पिशवीतून काढली. चांगली महागाची होती. मी हात पुढे केला, पण गोजरबाईने ती आधीच उचलली आणि कोठीच्या तळाशी आडवी ठेवली.

"अवं, तवरोक मी जगीन का?"

"जगा ना मंग," वरून गहू ओतत ती म्हणाली. "कोन नाही म्हनून राह्यलं?"