विहिरीजवळच्या झाडाची चिंधी

बोरांच्या त्या बागेत पान हललं तरी सासूबाईला विचारून हलायचं. तोडणीच्या बायका तिला पाठीमागे जमादारीण म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिचा एक कायदा सगळ्यांना पाठ होता. ज्या झाडावर औषध फवारलं त्याच्या फांदीला चिंधी बांधायची, आणि चिंधी सुटेपर्यंत त्या झाडाचं बोर कुणी तोंडात घालायचं नाही. बांधायची तिच्या मुलाने, पंधरा दिवस मोजून सोडायचीही त्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची काही खैर नव्हती.

या वर्षी भुरीने बागेत ठाण मांडलं होतं. कोवळ्या फळांवर पिठासारखी पांढरी बुरशी धरायची, मग साल खरखरीत व्हायची आणि बोर तिथेच तडकायचं. तीनदा औषध मारून झालं, तरी विहिरीच्या कोपऱ्यातून ती पुन्हा उगवायची. औषधात भेसळ आहे म्हणून सासूबाई दुकानदाराशी दोनदा भांडून आली होती. शेवटी त्याने लाल खुणेचा जहाल डबा दिला आणि गेल्या आठवड्यात मुलाने तो फवारला.

त्या दिवशी सकाळी ती विहिरीजवळ पानं उलटून भुरी बघत होती. अंगठ्यात काटा खोल गेला, रक्ताची धार लागली. हाताशी आली ती चिंधी तिने न बघताच ओढली, अंगठ्याला गुंडाळली आणि तोडणीच्या बायकांवर ओरडायला पुढे गेली. तासाभराने त्याच वाटेने परतताना विहिरीजवळच्या शेवटच्या झाडावर पिकली बोरं दिसली. झाडाला चिंधी नव्हती. सुनेला सहावा महिना होता आणि दोन दिवस तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. सासूबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने चांगली बघून वाटीभर तोडली, धुतली आणि सुनेपुढे ठेवली. सून इतकी चकित झाली की तिने सगळी खाऊन टाकली आणि झोपली.

दुपारी जेवायला बसण्याआधी सासूबाईने हात धुतले आणि अंगठ्याकडे पाहिलं. चिंधी पिवळी होती, बारीक रेघांची. मुलाच्या जुन्या शर्टाची.

तिने मोरीचा कठडाच धरला.

ती सुनेच्या खोलीत गेली. सून कुशीवर पडली होती. सासूबाईने तिच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. पण ही झोप होती की गुंगी? "अगं," तिने हळूच हाक मारली. सून "हूं" म्हणाली आणि डोळे न उघडता वळली. उठवून सांगायचं तरी काय, की मी तुला विष दिलं? मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा याच दारात उभी राहून ती म्हणाली होती, "फळ धरून ठेवणं प्रत्येक झाडाला जमत नाही." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. ते वाक्य आज तिच्याच पोटात रुतलं.

तिने शेडमधून लाल खुणेचा डबा उचलला, डॉक्टर नाव विचारणार म्हणून, आणि ती धावत सुटली. वीस वर्षांत तिला कुणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. बायकांचे हात थांबले. तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, पोटात हालचाल होतेय का हे सुनेला विचारायला हवं होतं, विचारायला हवं होतं.

मुलगा बागेच्या टोकाला रोगट फांद्या जाळत होता. तो मुळात इतका कमी बोलायचा की शाळेपासून त्याला मुका म्हणत. तिने अंगठा त्याच्यापुढे धरला.

"ही मी सोडली. विहिरीजवळच्या झाडाची. आणि तिथली बोरं सुनेला दिली, वाटीभर. गाडी काढ."

तो जागचा हलेना. भीतीने याचे पायच गेले असं तिला वाटलं. तिने डब्यासकट त्याचा दंड धरून हलवला.

"त्या झाडावर औषध नाही, आई," तो म्हणाला.

"चिंधी तूच बांधलीस ना?"

"बांधली. औषध कधीच मारलं नाही. शेजारच्या झाडांवर मारताना मध्ये गोणपाट धरतो. ती रोज तिथली खाते. दुसरं काही तिच्या पोटात राहत नाही."

"मग चिंधी कशाला?"

त्याने आणखी एक फांदी विस्तवात सारली. "तू ती तोडून विकायला पाठवू नयेस म्हणून."

"मला सांगायचं होतंस."

"तिला तुझी भीती वाटते," मुका म्हणाला. मग म्हणाला, "मलाही."

भुरी कुठून परत येते ते आता स्वच्छ कळलं होतं. एरवी तिने बाग डोक्यावर घेतली असती. तिने फक्त तीनदा विचारलं, नक्की ना, आणि तिन्ही वेळा तो नक्की म्हणाला. मग ती तिथेच ढेकळांवर बसली.

दुपार कलल्यावर ती विहिरीजवळ गेली. चिंधी पुन्हा फांदीला बांधली. मग त्या एका झाडाचे पांढरे पडलेले शेंडे, पानं, बोरं हाताने वेचून जाळण्यासाठी पोत्यात भरू लागली. औषध नाही तर हात. रोज वेचायला लागणार होतं. काट्यांनी बोटं ओरबाडून निघाली.

मागे पाचोळा वाजला. सून रोजच्यासारखी आली होती आणि सासूला बघून चोर सापडावा तशी खिळून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. ही पोर रोज इथे अशीच येत असणार, हे सासूबाईला कळलं. दुपारी धावताना आपला चेहरा असाच झाला असणार, हेही कळलं.

"ये," ती म्हणाली. "या बाजूची स्वच्छ आहेत."

सून पुढे आली नाही. सासूबाई बाजूला सरकली, पोतं उचलून झाडाच्या पलीकडे गेली आणि तिकडे तोंड करून पानं वेचत राहिली.