एक डोकं होईपर्यंत

मी एक जुना वॉकर आहे. मित्रांनो, हे वाक्य ऐकल्यावर तुमच्या तोंडावर जो भाव आला तो मला पाठ आहे, तेव्हा लपवायचे कष्ट घेऊ नका. घड्याळ आपली कहाणी सांगू लागलं की तुम्ही कान टवकारता. माझ्यासारखी चार पायांची ॲल्युमिनियमची चौकट बोलू लागली की तुम्हाला एकदम गृहपाठ आठवतो. आठवू द्या. ज्याचा पाय किंवा कंबर मोडते त्याला धरून चालायला मी लागतो. ज्याचं काहीच मोडलेलं नसतं तो मला अंगणात नेतो आणि माझा गोलपोस्ट करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी एकाच लांब नळीतून तीन वस्तू निघाल्या: एक शिडी, पडद्याचा एक दांडा आणि मी. शिडी वर गेली, दांडा खिडकीत गेला आणि मी न्हाणीघरात गेलो. कारखान्यात शेवटच्या टेबलाशी एक बाई बसत. त्या माझ्या चारही पायांना रबराच्या टोप्या चढवत, प्रत्येकीवर तळहाताची एक थाप देत आणि मग मला जमिनीवर ठेवून हलवून बघत. माझ्या पायांकडे कोणी इतकं लक्ष दिल्याची ती पहिली आणि पुढची सात वर्षं शेवटची वेळ.

तिथून मी एका दुकानात आलो. आजारी माणसांचं सामान हे दुकान वापरायला देतं आणि काम झालं की परत घेतं. मला न्यायला येणारा प्रत्येक जण दारातूनच सांगायचा, "पंधराच दिवस लागेल हो." पंधरा हा आकडा यांना कोणी शिकवला कोण जाणे. एक निवृत्त मुख्याध्यापिका मला पंधरा दिवसांसाठी घेऊन गेल्या आणि अकरा महिन्यांनी परत आणून दिलं. त्यातले नऊ महिने त्या ठणठणीत चालत होत्या आणि मी गॅलरीत त्यांचे परकर वाळवत होतो. एका काकांनी मला पाहुणे आले की दारामागे लपवलं. पाहुण्यांसमोर ते भिंत धरून चालत आणि "आता काठीसुद्धा लागत नाही" असं सांगत. एका घरातून मात्र मी चौथ्याच दिवशी परत आलो. लख्ख पुसलेला होतो. आणून देणाऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. दुकानातून गेलेली वस्तू दोनच कारणांनी परत येते, आणि ते बरं होण्याचं कारण नव्हतं.

इतकं बघितल्यावर माणसांच्या आशेबद्दल माझं मत काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. आशा ही त्यांची फार सोयीची वस्तू आहे. ती उचलावी लागत नाही, पुसावी लागत नाही, आणि दुसऱ्याला देऊन टाकली की आपण घरी जायला मोकळे.

मग मी एका कारागिराकडे आलो. हे गृहस्थ केस कापत. घरासमोर रस्ता ओलांडला की त्यांचं दुकान. त्यात एकच खुर्ची, एकच आरसा. छत्तीस वर्षं उभं राहून लोकांची डोकी सारखी केल्यावर एके सकाळी ते स्वतःच्याच न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरात त्यांची बायको होती आणि मुलगी होती. मेव्हणेही होते. तसे ते दोन गल्ल्या सोडून राहत, पण या घरात आशेची कमतरता पडू नये म्हणून रोज संध्याकाळी येत.

मेव्हण्यांनी पहिल्याच दिवशी पलंगासमोर एक पाटी ठोकली: 'आज कालपेक्षा छान'. खिळा वाकडा बसला, म्हणून पाटी शेवटपर्यंत तिरकी राहिली.

"रोज उठल्यावर वाचायची, भाऊजी," ते म्हणाले.

"मान वाकडी करून?" कारागिरांनी विचारलं.

खरी गोष्ट अशी होती की समोरचं दुकान हातचं जाणार होतं. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला ती जागा हवी होती आणि तो महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. बायकोचं म्हणणं, देऊन टाका. मुलगी काहीच म्हणत नव्हती, म्हणजे तिचंही तेच म्हणणं होतं. कारागीर खिडकीतून बंद शटरकडे बघत म्हणाले, "एक डोकं. एक अख्खं डोकं होईपर्यंत मी उभा राहिलो तर दुकान माझं. नाही राहिलो तर त्याला किल्ली देऊन टाका, मी पुन्हा विषय काढणार नाही."

एका डोक्याला त्यांच्या हाताने वीस मिनिटं लागत.

सराव सुरू झाला. मला पुढ्यात घ्यायचं, माझ्या आडव्या दांडीला पोट टेकवायचं आणि दोन्ही हात मोकळे करून हवेतलं गिऱ्हाईक कापायचं. मुलगी घड्याळ धरून बसे. पहिल्या दिवशी दोन मिनिटं झाली. मग चार. मग पुन्हा तीन. त्यांचे गुडघे थरथरत आणि ती थरथर माझ्या अंगातून जमिनीत जाई.

"साडेसहा मिनिटं," मुलगी एकदा म्हणाली.

"दहाच धर," मेव्हणे म्हणाले.

"मामा, साडेसहा."

"अगं, दहा म्हटलं की माणसाला हुरूप येतो."

मित्रांनो, मी धातूचा आहे, पण मलाही लाज वाटली. मेव्हणे प्रत्येक आकडा असा वर ढकलत. इकडे माझ्या मागच्या डाव्या पायाची टोपी झिजून तिच्यातून नळीचं तोंड बाहेर आलं होतं. बाकी तिघींची गतही फारशी बरी नव्हती. मला बोलता येत नाही, पण आवाज करता येतो. टेकवलं की फरशीवर 'खट्' असा आवाज मी करत होतो. दिवसातून शंभर वेळा खट्, खट्. याहून स्पष्ट कसं सांगायचं असतं ते मला ठाऊक नाही.

मेव्हण्यांनी एक दिवस बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ऐका," ते म्हणाले. "हा प्रगतीचा आवाज आहे."

महिना संपायला बारा दिवस राहिले असताना त्यांनी जाहीर केलं की आता हवेतलं गिऱ्हाईक पुरे, मी बसतो. ते स्टुलावर बसले, गळ्याभोवती चादर गुंडाळली गेली आणि कारागिरांनी कितीतरी दिवसांनंतर पहिल्यांदा खऱ्या केसांना कात्री लावली. त्यांचा चेहराच बदलला. डावी बाजू झाली. अकरा मिनिटं झाली होती. उजवीकडे जायचं म्हणून त्यांनी मला उचललं, एक पाऊल बाजूला टेकवलं आणि अंगाचा भार माझ्यावर टाकला. गुळगुळीत फरशीवर उघडी नळी सर्रकन सरकली.

ते पडले. मी त्यांच्यावर पडलो. कात्री कपाटाखाली गेली.

हाड शाबूत राहिलं, पण डॉक्टरांनी आठ दिवस पलंगावरून उतरायला मनाई केली. मला खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आलं, जणू मीच धिंगाणा घातला होता. कारागीर खिडकीकडेही बघेनात. संध्याकाळी मेव्हणे टोपी घालून आले, कारण टोपीखाली अर्धं डोकं कापलेलं आणि अर्धं जंगल होतं.

"भाऊजी, जे होतं ते चांगल्यासाठीच," ते म्हणाले.

कारागिरांनी पाटीकडे बघितलं, मेव्हण्यांकडे बघितलं आणि कूस बदलली. बायको त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "दुकान गेलं तर गेलं. तुम्हाला काही झालं तर मी दिवसभर बोलायचं कोणाला?" त्या घरात तेवढंच एक वाक्य मला त्या दिवशी ऐकण्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी कारागीर मुलीला म्हणाले, "चष्मा दे. आणि त्याला इकडे आण."

तिने मला आणलं. त्यांनी मला उलटा करून पोटावर आडवा घेतला आणि माझे चारही पाय एकेक करून नीट बघितले. वस्तरा उजेडात धरून बघावा तसे. मागच्या डाव्या पायावरून त्यांनी अंगठा फिरवला, त्याला चरा पडला.

"हे बघ," ते म्हणाले. "मी तीन पायांवर उभा होतो आणि तुम्ही सगळे मला धीर देत होतात. कात्रीला धार नसेल तर गिऱ्हाइकाला धीर देऊन केस कापले जातात का?"

मुलगी ओशाळली. मी जिथून आलो त्या सामानाच्या दुकानातून तिने टोप्या आणल्या. दुकानदार एकच देत होता, ती चार घेऊन आली. त्या कारागिरांनी स्वतः चढवल्या, प्रत्येकीवर तळहाताची एक थाप मारली आणि मुलीकडून मला जमिनीवर ठेवून हलवून घेतलं. मी हललो नाही. सात वर्षांपूर्वीचं ते शेवटचं टेबल मला आठवलं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तुम्ही लगेच डोळे पुसायला लागता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेव्हणे पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी टोपी काढली. डोकं तसंच होतं. अर्धं कापलेलं, अर्धं वाढलेलं.

कारागिरांनी विचारलं, "बारा दिवस असेच फिरलात? कचेरीत?"

"टोपी होती ना."

"कचेरीत टोपी चालते?"

"नाही चालत," मेव्हणे म्हणाले. "साहेबांनी दोनदा बोलावून विचारलं. मी म्हटलं, काम चालू आहे."

"कुठेही जाऊन पुरं करून घ्यायचं होतं."

"उरलेलं तुम्हीच करायचं होतं, भाऊजी."

मित्रांनो, मेव्हण्यांविषयीचं माझं मत मी बदललेलं नाही. आकडे वर ढकलणारा माणूस तो आकडे वर ढकलणाराच. पण आशा फुकट वाटत फिरणारी जी माणसं मी बघितली, त्यांच्यातल्या कोणी ती स्वतःच्या डोक्यावर बारा दिवस मिरवल्याचं मला आठवत नाही. तेवढ्यापुरता मी गप्प बसतो.

"उजवी बाजूच राहिलीय," मेव्हणे म्हणाले. "डावी आधीच झाली, ती धरायची."

"धरायची नाही," कारागीर म्हणाले. "डावी पण वाढलीय. दोन्ही करतो."

मुलीने घड्याळ धरलं. बायको दारात उभी राहिली, ओला हात तसाच पदराला. नवव्या मिनिटाला थरथर सुरू झाली. बाराव्या मिनिटाला बाजू बदलायची होती. त्यांनी मला उचललं आणि टेकवलं. आवाज आला नाही. सतराव्या मिनिटाला त्यांचा सगळा भार माझ्यावर होता आणि घाम माझ्या दांडीवरून ओघळत होता. मी उभा राहिलो. मला दुसरं येतं काय?

"चोवीस मिनिटं," मुलगी म्हणाली.

"पंचवी..." मेव्हणे म्हणाले आणि गप्प बसले.

दुकान उघडलं. पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारागिरांनी ते ऐकून घेतलं आणि पुढचं गिऱ्हाईक बोलावलं. आता मी त्यांच्या पुढ्यात असतो. माझ्या एका हातावर टॉवेल असतो, दुसऱ्याला कंगव्यांची पिशवी. दुकानातली खुर्ची फिरते, त्यामुळे आम्हाला फिरावं लागत नाही. मी त्या सामानाच्या दुकानात परत गेलेलो नाही. म्हणजे ते बरेही झाले नाहीत आणि दुसरं कारणही अजून घडलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शटर वर केल्यावर, ते मला उलटा करतात आणि चष्मा लावतात. ती तिरकी पाटी मेव्हण्यांनी आरशाच्या वर आणून ठोकली आहे. इथेही ती तिरकीच आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मला धरून चालत असेल तर त्याला 'लवकर बरे व्हाल' जरूर म्हणा. आशा हवी तेवढी ठेवा, मी आडवा येणार नाही. फक्त ते म्हणण्याआधी खाली वाका आणि माझ्या पायांकडे एकदा बघा.