शिवलेली उत्तरं

"वहिनी, धडा म्हणू नका. टाकी किती वेळात भरेल ते सांगा."

मिस्त्रींनी पंपघराच्या फळ्यावर टाकी काढली होती. बारा हजार लिटरची. पंप मिनिटाला दीडशे लिटर भरतो, तळाच्या झडपेतून तीस लिटर गळतं. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातलं पहिलंच उदाहरण. ती मात्र घडाघडा बोलत होती: पंप पाणी खेचत नाही, बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, नळीत हवा शिरली की पंप नुसताच फिरतो. एक शब्द चुकला नाही.

"हे तुमच्या नवऱ्याला कधी धड सांगता आलं नाही," मिस्त्री म्हणाले. "पण उत्तर चुटकीसरशी काढायचा. तुमचं नेमकं उलटं. सोमवारच्या परीक्षेत निम्मा पेपर उदाहरणांचा असतो, वहिनी. नापास झालात तर त्याची जागा दुसऱ्याला जाईल. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय, पण मग माझं कोणी ऐकणार नाही."

तिने खडू घेतला आणि टाकीचीच रेघ पुन्हा गिरवली.

सिद्धान्त

भावाभावांनी शेत वाटावं तसं त्या दोघांनी पुस्तक वाटून घेतलं होतं. तो पाळीवरून दमून यायचा आणि आडवा व्हायचा. ती शिलाई मशीनला पुस्तक टेकवून धडा मोठ्याने वाचायची.

"वाच गं तू. मला डोळे मिटूनच कळतं."

"घोरताना जास्त कळतं का?"

मग तो उठून उदाहरणं सोडवायचा आणि ती गिऱ्हाइकांच्या शर्टांची काजं करायला घ्यायची. बढतीची परीक्षा त्याची होती; तिला कुठे बसायचं होतं? दोघांत मिळून एक माणूस पास झाला असता, तेवढं पुरे होतं.

उत्तरं पुस्तकाच्या शेवटी होती आणि त्याचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. "ती पानं शिवूनच टाक," तो म्हणाला. ती एकेका प्रकरणाच्या उत्तरांची पानं निळ्या धावदोऱ्याने बंद करायची. सगळी उदाहरणं झाली की उसवायची. एकदा तिने त्याची चोरी पकडली.

"हा टाका माझा नाही."

"कशावरून?"

"कोंबडीने उकरल्यासारखा दिसतोय, त्यावरून."

सोडवलेले उदाहरण

या प्रकरणात नाही.

माणूस डबा घेऊन पाळीवर गेला. छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डबा मिस्त्रींनी आणून दिला. भरलेलाच होता.

स्वाध्याय

रविवारी दुपारी तिने मापं काढायचा खाकी कागद पसरला आणि त्यावर टाकी काढली. बारा हजार भागिले दीडशे. ऐंशी. तिला हायसं वाटलं. मग पेन्सिल थांबली.

गळतंय ना.

कापड बेतताना शिवणीत जाणारं ती आजवर कधी विसरली नव्हती. दीडशेतून तीस गेले, उरले एकशेवीस. तिने पुन्हा भागलं.

"शंभर मिनिटं," ती मोठ्याने म्हणाली.

अशा वेळी तो मांडी घालून समोर सरकायचा: "उसव, उसव लवकर!" ती मुद्दाम सावकाश उसवायची.

तिने कात्री घेतली आणि पुस्तकाची मागची पानं उलटली. शेवटच्या प्रकरणाची उत्तरं तो जायच्या जेमतेम आठवडाभर आधी तिने शिवली होती. निळ्या दोऱ्याने.

दोरा पांढरा होता. गाद्यांना वापरतात तसला जाड. टाके एक इकडे, एक तिकडे, आणि शेवटी हरभऱ्याएवढी गाठ.

"चोर," ती म्हणाली.

कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं होतं. ते तिने अलगद बाहेर काढलं. टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला, कात्री शिवणाच्या डब्यात ठेवली आणि पुस्तक मागे उलटून दुसरं उदाहरण वाचायला घेतलं. मोठ्याने.