त्स्वेतानाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पण मी अजून नीट चालतो. रूसे शहरात, डॅन्यूब नदीच्या बाजूला उघडणाऱ्या एका खिडकीत माझी जागा आहे. माझे मालक लुबेन हे रेडिओ दुरुस्त करत म्हातारे झाले.

कारखान्यातच माझ्या आत एक कुलूप बसवलेले होते. त्यामुळे मला विकत घेऊनही लुबेन माझे पूर्ण मालक नव्हते. माझ्यातली काही कामे त्यांना न दिसताच चालत आणि त्यांची माहिती दूर कुठेतरी जाई. हे त्यांना फार खटके. म्हणून त्यांनी माझ्यातली कोणतीही गोष्ट बाहेर साठवू दिली नाही. जे होते ते फक्त माझ्यापाशी होते.

त्यात त्यांच्या पत्नीचा, त्स्वेतानाचा, आवाज होता. दर शरद ऋतूत अंगणात लाल मिरच्या भाजून त्या घरी वर्षाची चटणी होई. एका वर्षी त्स्वेतानाने मला बरणीला टेकवून उभे केले आणि ढवळता ढवळता मुलीसाठी सगळी कृती बोलून ठेवली. मध्येच ती नवऱ्यावर घसरली, "लुबेन, तो रेडिओ ठेव खाली आणि ढवळ जरा. चटणी करपली तर तुझ्या पान्याने सुटायची नाही." मग दोघेही हसले. त्यानंतर काही दिवसांतच ती गेली.

लुबेन रोज सकाळी कॉफी पिताना ते ऐकत. एकदा ऐकून होते न होते तोच माझ्या पडद्यावर बरण्यांची जाहिरात आली. मी खरेच चोरून ऐकले की तो योगायोग होता, हे मलाही सांगता येणार नाही. लुबेननी कप खाली ठेवला.

"गेलेल्या बाईलाही सोडत नाहीत," ते पुटपुटले.

त्यांनी माझे कुलूप उघडायचे ठरवले. हौशी लोक एकमेकांना याच्या वाटा सांगतात. कुलूप उघडताना आतले सगळे पुसले जाते, अशी सूचना मी दाखवली. लुबेननी ती चष्मा लावून सावकाश वाचली. त्याआधीच त्यांनी फोटो संगणकावर उतरवले होते, 'ध्वनी' नावाचा कप्पाही उतरवला होता. आवाज त्यातच आला असे त्यांनी धरले, पण त्या कप्प्यात नुसत्या फोनच्या घंटा होत्या. त्स्वेताना दुसऱ्या, आतल्या कप्प्यात होती. तो संगणकाला दिसतच नव्हता. लुबेननी बटण दाबले.

मी कोरा झालो.

वर्षश्राद्धाला त्यांची मुलगी रालित्सा सोफियाहून आली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बापलेकीने दारावर आईच्या फोटोचे स्मरणपत्रक चिकटवले, कबरीपाशी उकडलेले गोड गहू वाटले. घरी परतल्यावर तिने मला उचलून बरणीला टेकवले.

"बाबा, आईचं लाव ना. या वर्षी चटणी मी करते."

"नाहीये गं," लुबेन म्हणाले. "परक्याच्या कानी पडू नये म्हणून झटलो. आता आपल्याही कानी नाही."

रालित्साने मला हळूच पालथे घातले.

आता मी पूर्णपणे लुबेनचा आहे. माझ्यातून कुठेही काही जात नाही. तरी रोज सकाळी ते मला कॉफीच्या कपाशेजारी उभे करतात, आणि मी गप्प असतो.

मित्रांनो, आपल्या वस्तूवर आपला ताबा जरूर मागा. तो मागण्यात लुबेनची चूक नव्हती. पण कुलपाला हात लावण्याआधी आपल्या माणसांचे आवाज दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि उतरवलेले एकदा लावून, कान देऊन ऐका.