सुपारी परत केलेला ढोल

मित्रांनो, जवळा बाजारच्या तुमच्या शाळेच्या ओसरीत, कोपऱ्यात भिंतीला टेकून एक मोठा ढोल ठेवलेला असतो. येता-जाता कुणी त्याला टिचकी मारतं, कुणी त्याच्यावर दप्तर ठेवतं. तो म्हाताऱ्या अंगाचा ढोल म्हणजे मी. आज माझी गोष्ट ऐका.

हिंगोलीतल्या एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. कारागिराने पत्रा वाकवून माझे गोल अंग घडवले आणि दोन्ही तोंडांना कातडे चढवून असे आवळले, की नुसते बोट लागले तरी मी गुरगुरायचो. मला खाजा मियांनी विकत घेतले. ते तेव्हा ऐन तरुण होते. त्यांनी नुकताच बँड काढला होता. ते क्लॅरनेट वाजवत आणि मला गळ्यात अडकवून वाजवायचा तो त्यांचा दोस्त सोनाजी.

तुम्हाला वाटेल, माझे पहिले काम एखाद्या लग्नातले असेल. नाही! मी पहिल्यांदा वाजलो तो एका मोर्चात. त्या काळी एका जिनिंग कारखान्यात लहान मुले कापसाच्या धुळीत राबत. खाजा मियासुद्धा लहानपणी तिथेच होते. यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्यांचे एक बोट कायमचे वाकडे झाले होते. त्या मोर्चात शिक्षक होते, हमाल होते, कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. "लेकरं शाळेत, मोठी कामात!" असे सगळे ओरडत होते आणि प्रत्येक आरोळीला सोनाजी मला दणका देत होता. शेवटी मालक नमला, मुले बाहेर आली. पुढे गावोगावच्या कारखान्यांच्या फाटकांवर पाट्या लागल्या, 'येथे बालकामगार नाहीत'. मला वाटले, आपले हे काम संपले. आता फक्त लग्ने वाजवायची.

आणि खरेच, किती लग्ने वाजवली मी! औंढ्याची, हिंगोलीची, पार दूरच्या खेड्यांतली. लोक म्हणत, "ढोल असावा तर खाजा मियाचा!" मी ते ऐकून आणखी फुगायचो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाबाहेर शिवशंकर शेठ यांचा हळद पॉलिश करायचा कारखाना होता. त्यांची एकुलती एक मुलगी पुजा, तिचे लग्न ठरले. शेठ स्वतः आमच्या बँडच्या खोलीवर आले आणि त्यांनी खाजा मियांना सुपारी दिली. आमच्यात वाजवायचे काम पक्के केले, की सुपारी घेतली असे म्हणतात.

"खाजा मिया, गाव दणाणलं पाह्यजे!" शेठ म्हणाले.

"दणाणंल की शेठ, बराबर दणाणंल!"

दुसऱ्याच दिवशी आमच्या खोलीच्या दारात वैष्णवी येऊन उभी राहिली. ती शेजारच्या पेमाची मुलगी, पाचवीत शिकणारी. आमचा सराव ऐकायला ती नेहमी यायची, पण बऱ्याच दिवसांत फिरकली नव्हती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

सोनाजीने हसून विचारले, "काय गं, कोणाच्या हळदीला गेली व्हतीस?"

"माझीच हळद हाय की मामा. रोज लागती," ती म्हणाली आणि खोकू लागली.

सोनाजीचे हसू मावळले. हळूहळू सगळे कळले. वैष्णवी आईबरोबर शेठच्या कारखान्यात हळद निवडायला जात होती. तिच्यासारखी आणखीही लेकरे तिथे होती. खाजा मियांची सून रुबीना आपल्या शाळेत शिक्षिका आहे. तिने कारखान्यात जाऊन मुलांना परत मागितले होते, तक्रारही दिली होती. पण तपासणीची गाडी आली, की मुलांना मागच्या दाराने गोदामात पाठवत. आणि फाटकावर पाटी होतीच, 'येथे बालकामगार नाहीत'.

खाजा मियांनी आपल्या वाकड्या बोटाकडे पाहिले. मग म्हणाले, "सोनाजी, शेठला निरोप दे. सुपारी वापस."

"उस्ताद, या सीझनचं सगळ्यात मोठं काम हाय हे," सोनाजी हळू आवाजात म्हणाला.

"व्हय. म्हणूनच."

मित्रांनो, खरे सांगतो, मी घाबरलो. न वाजणाऱ्या ढोलाला कोण विचारतो?

शेठ रागाने लाल होऊन आले. "काहून न्हाई वाजवत? लेकरं आपल्या मायसंगं येऊन खेळून राहिली तिथं!"

"मग खेळायला शाळेत पाठवा शेठ. त्या दिवशी मी फुकट वाजवतो," खाजा मिया म्हणाले.

शेठने हिंगोलीचे बँड विचारले. पण बातमी आधीच पोहोचली होती. कुणी म्हणाले तारीख नाही, कुणी म्हणाले वाजवणारे आजारी आहेत. औंढ्याचा डीजेवाला तर खाजा मियांचाच जुना चेला. तो म्हणाला, "उस्ताद वाजवतील तरच मी." बाजाराच्या दिवशी जो तो हेच बोलत होता, शेठच्या घरी बिनवाजंत्रीची वरात! पानटपरीवर तर लोक नुसत्या तोंडाने ढोल वाजवून दाखवत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी पुजा स्वतः आमच्या खोलीवर आली.

"चाचा, माझ्या लग्नात तुमी काहून वाजवत न्हाई? माझं काय चुकलं?"

खाजा मिया म्हणाले, "तुझं काई न्हाई चुकलं बेटा." आणि त्यांनी वैष्णवीला जवळ बोलावले. पुजाने ते पिवळे हात आपल्या हातात घेतले. तिने अंगठ्याने पिवळेपणा पुसून पाहिला. तो निघेना. ती तशीच घराकडे निघाली.

पुढचे मी सोनाजीच्या तोंडून ऐकले. पुजाने घरी जाऊन सांगितले, "बाबा, लेकरांच्या हातची हळद मी अंगाला लावून घेणार न्हाई. आधी त्यांना सोडा." आईने समजावले, आत्या रडली, पुजा हलली नाही. शेवटी शेठ कारखान्यात गेले आणि म्हणाले, "उद्यापासून लेकरं बंद."

तेव्हा पेमा पुढे झाली. "शेठ, पोरगी हात लावती म्हणून माझं घर चालतं. तिला काढा, खुशीनं काढा. पण मंग मला गड्याएवढी मजुरी द्या. काम तेवढंच करते मी."

साऱ्या बाया तिच्या मागे उभ्या राहिल्या. शेठने कपाळाला हात लावला आणि होकाराची मान हलवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही आधी कारखान्याच्या फाटकावर गेलो. तिथून शाळेपर्यंत काय ती वरात! पुढे खाजा मियांचे क्लॅरनेट, मध्ये दप्तरे घेतलेली लेकरे, मागे त्यांच्या आया नाचत होत्या. सोनाजीने मला इतक्या जोराने बडवले, की शाळेच्या दारात माझे एका बाजूचे कातडे फाटले! संध्याकाळी पुजाच्या वरातीत मी एकाच तोंडाने वाजलो. सगळ्यांत जास्त नाचले कोण, ठाऊक आहे? शिवशंकर शेठ!

त्यानंतर बँडला नवा, हलका ढोल आला. मी खाटेखाली गेलो. दोन पावसाळे तिथेच पडून होतो. उंदरांनी माझी दोरी कुरतडली. वाईट वाटायचे. मग एके दिवशी रुबीना मॅडमनी मला ओढून बाहेर काढले, नवे कातडे चढवून घेतले आणि शाळेत आणले.

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर बसू नका, एवढे कराच. पण त्याहून मोठे मागणे आहे. वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली, तर गप्प बसू नका. विचारा, "इथे बसणारी ती मुलगी कुठे आहे?" फाटकावरची पाटी वाचून परत फिरू नका, आत डोकावून बघा.

आपल्या मॅडमची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. कुणी सलग गैरहजर राहिले, की सगळा वर्ग मला घेऊन त्याच्या घरी निघतो आणि दारात मला वाजवतो. परवाच आपण छोट्या सखूच्या गल्लीत वळलो. सखू वेणी अर्धी सोडून, एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आली. "आले, आले! वाजवू नका!" ती ओरडली.

आपण वाजवलेच.