प्रिय म्हणणारे

एक शब्द अडवला की सकाळचा चहा निवांत मिळणार, एवढाच घड्याळवाल्याचा फायदा होता. दुकान उघडून ईमेल बघावी, तर लॉटरीवाले आणि कर्जवाले रांग लावून बसलेले, आणि सगळे त्याला 'प्रिय' म्हणणारे.

"'प्रिय' दिसलं की थेट स्पॅममध्ये जाऊ दे," त्याने बायकोला सांगितलं.

"आणि खरंच कुणी म्हटलं तर?"

"मला? तू तरी कधी म्हटलंस?"

बायकोने हसत तशी सोय करून दिली. काही दिवस सुखाचे गेले. मग वहिनीचा फोन आला. वाटणीवरून दादाशी बोलणं तुटल्यापासूनचा हा पहिलाच.

"भाऊजी, यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. एवढी मेल केली त्यांनी, एक ओळ तरी पाठवायची."

"फोन का नाही केला?"

"पुन्हा भांडाल म्हणून."

फोन कानाला ठेवूनच त्याने स्पॅम उघडलं. 'प्रिय विजेते' आणि 'प्रिय खातेदार' यांच्या मधोमध दादा होता: 'प्रिय धाकट्या, शुक्रवारी आवाज जाणार. त्याआधी ये, बोलायचंय.'

जन्मभर 'गाढवा' म्हणणाऱ्याने लिहिताना नेमका शिष्टाचार पाळला होता.

"काय बोलायचं होतं दादाला?"

"मला कुठे सांगितलं? घसा धाकट्यासाठी जपतोय म्हणायचे, आणि गप्प बसायचे."

घड्याळवाल्याची कटकट वाचली. त्या सोयीची किंमत वहिनीने भरली: नवऱ्याच्या आवाजाचे शेवटचे दिवस तिच्या वाट्याला आलेच नाहीत.